किल्ली देण्याआधी गॅसची नळी पाहा
कांजूरमार्गला लालबहादूर शास्त्री मार्गालगतच्या उंच इमारतींतले कित्येक फ्लॅट भाड्याने दिलेले आहेत. डिपॉझिट ठरते, कराराची नोंदणी होते, पोलिसांकडे भाडेकरूची माहिती जाते. पण गॅसची नळी शेवटची कधी बदलली, हे कुणी विचारत नाही. २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायद्याने अग्निसुरक्षेची जबाबदारी मालक आणि भोगवटादार दोघांवरही टाकली आहे. परवानाधारक एजन्सीकडून अग्निसुरक्षा यंत्रणा तपासून दर जानेवारी आणि जुलैत तसे प्रमाणपत्र द्यावे लागते. पण बंद दारामागचे जुने वायरिंग आणि एकाच प्लगवर चालणारी तीन उपकरणे त्या कागदात दिसत नाहीत. म्हणून मालकाने नळी, वायरिंग आणि एमसीबी तपासूनच घर द्यावे. भाडेकरूने नळीवर छापलेली मुदत वाचावी, खिडकीच्या ग्रिलला उघडणारे दार मागून घ्यावे, जिन्यात सामान ठेवू नये. आग लागलीच तर लिफ्ट टाळून १०१ ला फोन करावा. हे सारे करारातच लिहून घ्या. अकरा महिन्यांसाठी आलेल्या कुटुंबाचा जीव मालकाच्या जिवाइतकाच मोलाचा आहे.