अवेळी पडलेली ठिणगी

ज्या काळी कळमनुरीसारख्या तालुक्याच्या गावी मोटार ही एखादा डॉक्टर, वकील, कंत्राटदार किंवा सधन बागाईतदार यांच्याच दारात उभी असे, त्या काळी भर बाजारात सायलेन्सरने फटाका मारला की बैल बुजत आणि गल्ल्यावर बसलेला दुकानदार मान वर न करता गाडी कोणाची ते सांगत असे. आज अकोला-नांदेड रस्त्याने रात्रंदिवस गाड्या धावतात, परंतु तो आवाज क्वचितच कानी पडतो, कारण पेट्रोल किती सोडावे आणि ठिणगी नेमकी कोणत्या क्षणी पाडावी याचा सारा हिशेब आता संगणकाच्या स्वाधीन झाला आहे. जुन्या गाडीत मात्र तो हिशेब मालकालाच ठेवावा लागतो, आणि घरच्या अंगणात तिची दुरुस्ती करणाऱ्या हौशी माणसांना होणाऱ्या इजांपैकी कितीतरी या हिशेबाच्या अज्ञानातून उद्भवतात, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

आमच्या घरची गाडी प्रीमियर पद्मिनी. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० या इटालियन गाडीची जी देशी आवृत्ती तयार होत असे, तिलाच १९७४ च्या सुमारास पद्मिनी हे नाव मिळाले. पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी केंद्र सरकारने २०२१ मध्ये नोंदणीचे स्वतंत्र नियम केले असून त्यांना निराळी क्रमांकपट्टीही मिळते. परंतु त्या सवलतीबरोबर गाडी नित्याच्या वापरात आणण्याची मनाई येते, आणि औंढ्या नागनाथाला सहकुटुंब न जाणारी गाडी बाळगण्यात मला तरी स्वारस्य नाही.

या इंजिनाचे चार सिलिंडर १-३-४-२ या क्रमाने पेटतात. मिनिटाला तीन हजार फेरे होत असताना ठिणगी वाटून देणाऱ्या डेल्कोमधले पॉइंट सेकंदाला शंभर वेळा उघडतात व तितक्याच ठिणग्या पडतात. त्यातली एखादी जरी भलत्या वेळी किंवा भलत्या ठिकाणी पडली, तरी आग ज्या वाटेने जाऊ नये त्या वाटेने बाहेर पडते. टायमिंग मागे पडले तर एक्झॉस्टचा व्हाल्व उघडतो त्या वेळीही आत जाळ चालूच असतो, आणि नळी लाल होईपर्यंत तापते. ठिणगी चुकली तर न जळलेले पेट्रोल सायलेन्सरात साठते आणि पुढच्या जाळाने तेथे स्फोट होऊन पत्र्याची शिवण उसवते. उतारावर चावी बंद करून पुन्हा चालू करण्याचा आणि त्या धमाक्यावर खूश होण्याचा खेळ एके काळी तरुण पोरे करीत असत, त्याचे मूळ हेच. याउलट पेट्रोलचे प्रमाण हवेच्या मानाने कमी पडले तर मिश्रण मंद जळत राहते, आणि पुढचा इनलेट व्हाल्व उघडताच ती ज्योत उलट फिरून कार्बोरेटरच्या तोंडातून बाहेर येते. गाडी 'शिंकली' असे आपल्याकडे म्हणतात ते यालाच. आणि घरगुती दुरुस्तीत सर्वांत धोक्याची असते ती ही शिंक, कारण त्या वेळी दुरुस्ती करणाऱ्याचा चेहरा बहुधा नेमका कार्बोरेटरवरच वाकलेला असतो.

गेल्या पावसाळ्यानंतर आमच्या अंगणात असेच घडले. गाडी बरेच दिवस उभी होती, इंजिन लागत नव्हते, तेव्हा पुतण्याने एअर फिल्टरचे झाकण काढून प्लास्टिकच्या बाटलीतून कार्बोरेटरच्या तोंडात थेट पेट्रोल ओतले आणि चावीपाशी बसलेल्या माझ्या धाकट्या भावाला सेल मारायला सांगितले. मोठा आवाज होऊन हातभर ज्वाळा वर उसळली, बाटलीचे तोंड पेटले, आणि पोराने ती बाटली फेकली ती सुदैवाने तुळशीकडच्या मोकळ्या जागेत पडली. वहिनींनी पाण्यात भिजवलेले पोते कार्बोरेटरवर दाबले म्हणून इंजिनाच्या वायरी बचावल्या. पोराच्या भुवया मात्र जळाल्या आणि उजव्या हाताच्या पाठीची कातडी निघाली.

दुसऱ्या दिवशी आम्ही ज्यांना बोलावले, ते सत्तरी ओलांडलेले मिस्त्री. त्यांना सारे गाव उस्ताद म्हणते. त्यांनी प्रथम पोराचा हात पाहिला, मलम कोणते लावले ते विचारले, आणि मग एवढेच म्हणाले, "बेटा, वरून पेट्रोल टाकू नको. आधी करंट कुठं जातो ते बघ." डेल्कोची तपकिरी टोपी काढून त्यांनी ती उजेडाकडे धरली व आतल्या बाजूला नख फिरवले. पहिल्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या खुंटांच्या मध्ये केसाएवढी काळी रेघ होती. तडा गेलेल्या जागी दमट हवेत काजळी धरली होती, आणि पहिल्या सिलिंडरसाठी निघालेली ठिणगी त्या रेघेवरून तिसऱ्यात उतरत होती. त्या क्षणी तिसरा सिलिंडर मिश्रण आत ओढत असतो, त्याचा इनलेट व्हाल्व उघडा असतो; त्यामुळे आगीला कार्बोरेटरकडे येण्याची वाट मोकळीच. इंजिनाला पेट्रोलची उणीव मुळी नव्हतीच, आणि त्याच्या तोंडात आणखी पेट्रोल ओतले गेले होते.

कार्बोरेटरमध्ये वरून पेट्रोल ओतण्याची ही वहिवाट गावोगावी इतकी रुळली आहे की तिच्याविषयी कोणाला शंकाही येत नाही. एअर फिल्टरचे काम केवळ धूळ अडवणे एवढेच नाही, उलट आलेली ज्योत तो बऱ्याच अंशी आतच रोखतो. म्हणून झाकण लावल्याशिवाय सेल मारू नये हा उस्तादांचा दंडक मला अत्यंत मोलाचा वाटतो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे ती खड्ड्यात व जमिनीलगत साठून राहते, तेव्हा बंद शेडपेक्षा उघडे अंगण बरे. पावडरचे अग्निशामक नळकांडे, निदान कोरड्या वाळूची बादली, हाताशी असलीच पाहिजे. पेटत्या पेट्रोलवर पाणी ओतल्यास ते पाण्यावर तरंगत पसरते. ज्योत फक्त कार्बोरेटरच्या तोंडाशी असेल तर सेल थांबवू नये, इंजिन फिरत राहिले की ती आत ओढली जाते, असेही ते सांगतात. जुन्या जीप व अँबॅसडर गाड्यांना हँडल मारताना अंगठा इतर बोटांच्याच बाजूला ठेवण्याचा नियमही याच जातीचा आहे, कारण टायमिंग फार पुढे असले तर हँडल उलटा झटका देते आणि वेटाळलेला अंगठा किंवा मनगट त्यात मोडते.

अलीकडे या बाबतीत एक नवी अडचण उभी राहिली आहे. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि इथेनॉलमध्ये ऑक्सिजनचा अंश असल्यामुळे कार्बोरेटरच्या जुन्या जेटवर मिश्रण अधिकच पातळ होते. शिवाय गाडीतल्या पेट्रोल पंपाचे जुने रबरी पडदे त्याने खराब होतात. त्यात आपल्याकडचा वैशाख! पेट्रोलची नळी तापून आतच वाफ धरते व इंजिन शिंकू लागते, आणि गाडीतल्या त्या पंपावर ओले फडके ठेवून चालणारे जुने ड्रायव्हर त्यावर तात्पुरता उपाय करीत असत. इथेनॉलला माझा विरोध नाही, ऊसकऱ्याच्या पदरात चार पैसे पडतात ते पडावेत. मात्र जुन्या गाडीच्या मालकाने जेट किंचित मोठा घेण्याची व नळ्या बदलण्याची तजवीज वेळेवर करावी.

टोपी कुर्ल्याच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारातून आली, रोटर व कंडेन्सरही बदलले. पुतण्याचा हात बरा झाला असून आता तो दर रविवारी उस्तादांकडे जातो. पॉइंटचे अंतर फिलर गेजने मोजावे कसे, आणि मोजमाप नसेल तेव्हा इंजिनाच्या आवाजावरून ते ओळखावे कसे, हे तो शिकतो आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून आता संगणकाला जोडण्याचे यंत्र हाती देतात, ते योग्यच आहे. परंतु ज्यांना कानाने टायमिंग लावता येते अशा आपल्या तालुक्यातील वृद्ध मिस्त्र्यांना महिन्यातून एखादा दिवस तेथे सन्मानाने बोलवावे, त्यांना मानधन द्यावे आणि त्यांच्या हाताखाली मुलांना एकेक डेल्को उघडून पाहू द्यावा, अशी माझी संबंधितांना आग्रहाची विनंती आहे.