वाघ आईनेही पाहावा!

सुट्ट्या जवळ आल्या की आमच्या कामोठ्याच्या सोसायटीत ताडोब्याची चर्चा सुरू होते. १९५५ सालचं, राज्यातलं सर्वांत जुनं राष्ट्रीय उद्यान. आणि आता मोहर्ली, कोलारा गेटजवळची पॉश रिसॉर्ट्स! फोटो पाहूनच जीव हरखतो. पण मैत्रिणींनो, पदरात दोन-तीन वर्षांचं पिल्लू असेल, तर आधी विचारा: पहाटे जिप्सीत कोण बसणार आणि खोलीत कोण थांबणार?

सफारी म्हणजे उघड्या जिप्सीत तीन-चार तास. खाली उतरायचं नाही, आवाज करायचा नाही. थंडीत पहाटेचा वारा झोंबतो, मे महिन्यात चंद्रपूरचं ऊन. लहान मूल टिकणार कसं? मग "तूच थांब ना, तो तुझ्याशिवाय राहत नाही," असं गोड बोलून आईला मागे ठेवतात. हजारो रुपये मोजून ती बापडी एसी खोलीत दूध-बिस्किटं भरवत बसते. ते तर घरीही चालूच असतं की!

सफारी सकाळी आणि दुपारी, अशी दोनदा असते. एक फेरी बाबांची, एक आईची, हे बुकिंग करतानाच ठरवा. लहानग्यांना जंगल दाखवायचंय? पनवेलपुढे कर्नाळा अभयारण्य आहे. तिथे पायी हिंडता येतं, पक्षी दिसतात, मनसोक्त रडताही येतं.

मोहर्लीची दुपारची फेरी मी अशीच आधी ठरवून घेतली. वाघ काही दिसला नाही, गवे मात्र अगदी जवळून दिसले. परतले तेव्हा लेक बाबांच्या हातचा वरणभात खाऊन गाढ झोपली होती.