ओळख आणि वशिला

‘तिथे कुणाची ओळख आहे का रे?’ हा प्रश्न आपल्या होस्टेलवर नेहमी हळू आवाजातच विचारला जातो. जणू काही पेपर फुटलाय का, असं विचारतोय! घरी लहानपणापासून ऐकलेलं असतं, मार्क मिळव, वशिला लागणार नाही. मला हे पटतं, पण अर्धंच. वशिला आणि ओळख आपण एकाच पोत्यात भरून ठेवल्यात.

वशिला म्हणजे लायकी नसताना कुणीतरी आत ढकलणं. ओळख म्हणजे जागा कुठे निघणार आहे, तिथे नक्की काम काय चालतं, हे वेळेवर कळणं. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने ओळखीतून नोकरी लागलेल्यांना विचारलं, की ज्याने सांगितलं तो तुम्हाला कितीदा भेटायचा? १९७३ साली छापलेलं त्याचं उत्तर मजेदार आहे. नेहमी भेटणारा, असं म्हणणारे जेमतेम १७ टक्के! बाकीच्यांना अधूनमधून नाहीतर क्वचित भेटणाऱ्यानेच सांगितलं होतं. साहजिक आहे, रूम पार्टनरला जे माहीत ते आपल्यालाही माहीतच असतं. २०२२ मध्ये लिंक्डइनवरच्या सुमारे २ कोटी लोकांच्या अभ्यासातही जवळच्यांपेक्षा थोड्या लांबच्या ओळखीच जास्त कामी आलेल्या दिसल्या.

आता पुण्यात बघा. ज्याच्या काकाचं भोसरीत वर्कशॉप आहे, शेजारी हिंजवडीत मॅनेजर आहे, त्याला ‘नेटवर्किंग’ हा शब्दच लागत नाही. रविवारी पोहे खाता खाता त्याचं काम होतं. शब्द लागतो तो लातूर-जळगावहून आलेल्या, घरातल्या पहिल्याच इंजिनिअरला. आणि नेमका तोच म्हणतो, ‘आपण कुणापुढे हात पसरणार नाही.’ त्याच्या या स्वाभिमानाचा फायदा काकावाल्यांना होतो, याचा मला खरंच राग येतो.

धंद्याचंही तेच. लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावातून उठावं लागलं, तेव्हा १९१० मध्ये औंधच्या राजांनी त्यांना जागा दिली आणि किर्लोस्करवाडी उभी राहिली. हा वशिला म्हणायचा का? म्हणा हवं तर. पण नांगर विकले गेले ते राजाच्या शब्दावर नाही, जमिनीत चालले म्हणून. माधवराव भिडे यांनी २००० साली मराठी उद्योजकांसाठी सॅटर्डे क्लब काढला, तोही याचसाठी, की एकमेकांना भेटा आणि एकमेकांना काम सुचवा.

आपल्याकडे माजी विद्यार्थी मेळावा होतो. आपण खुर्च्या लावतो, नाश्त्याची कूपनं वाटतो आणि जुन्या बॅचचे सर समोरून आले की बाजूला होऊन वाट देतो. भाषणं, सत्कार, ग्रुप फोटो, संपलं! माझं कमिटीला म्हणणं आहे, यंदा सत्कार अर्ध्यावर आणा आणि एक तास ब्रँचवार टेबलं मांडा. थर्ड इयरच्या मुलांना समोर बसवा. नोकरी मागायची नाही, फक्त विचारायचं, ‘सर, तुमच्याकडे सध्या काय अडलंय?’ नाव-नंबर लिहायला वही मी आणतो.