बंदर खोल, घाट तसाच

सातारा-सांगलीत बंदराचा विषय निघाला की दोन ठरलेली उत्तरे ऐकू येतात. एक म्हणजे, ‘समुद्र घाटाखाली, आपला काय संबंध?’ दुसरे नेमके उलट: ‘खाडीतला गाळ उपसा, धक्का वाढवा, मग माल आपसूक परदेशात जाईल.’ दोन्ही मते छातीठोकपणे मांडली जातात, आणि दोन्ही टिकत नाहीत.

पहिल्या मताचा निकाल इतिहासानेच लावला आहे. रेल्वे येण्यापूर्वी कऱ्हाडकडचा माल बैलांच्या तांड्यांनी कुंभार्ली घाटातून चिपळूणला उतरे, गोवळकोटच्या बंदरात गलबतांत चढे आणि वाशिष्ठीतून समुद्राला लागे. परतीच्या खेपेला मीठ, नारळ, सुकी मासळी वर येई. 1880च्या दशकात पुणे-मिरज रेल्वे झाली आणि व्यापाराने घाटाकडे पाठ फिरवली. पाण्याने मात्र फिरवली नाही. कोयनेचे वर्षाला सुमारे 67.5 टीएमसी पाणी वीज निर्माण करून पश्चिमेला, वाशिष्ठीतच पडते. जिच्यात आपले धरण रिते होते त्या खाडीशी साताऱ्याचा संबंध नाही, असे म्हणायला धाडस लागते.

दुसरे मत जास्त लोकप्रिय आहे आणि जास्त फसवेही.

2016च्या कायद्याने देशात 111 राष्ट्रीय जलमार्ग जाहीर झाले. दाभोळ खाडी ते वाशिष्ठीवरचा पेढ्याचा पूल हा 45 किलोमीटरचा टप्पा त्यात 28वा, तर जयगड खाडी ते संगमेश्वर हा 52 किलोमीटरचा टप्पा 91वा. यादीत नाव आल्याने पात्र खोल होत नाही. सह्याद्रीचे उतार दर पावसाळ्यात नवी माती खाली आणतात, म्हणून गाळ उपसणे हे उद्घाटनाच्या फितीसारखे एकदाच उरकायचे काम नव्हे, तो कायमचा खर्च आहे. 22 जुलै 2021 रोजी चिपळूण बुडाले, नागरिकांनी उपोषणे केली आणि वाशिष्ठीतला गाळ निघू लागला. तेव्हापासून ‘पूरही टळेल, जहाजेही येतील’ हा युक्तिवाद जोरात आहे. परंतु शहराजवळ पुराला वाट करून देणे वेगळे आणि मुखापासून आत ओहोटीलाही जहाज तरंगेल इतकी खोली टिकवणे वेगळे. दोन्ही कामांची ठिकाणे निराळी, यंत्रे निराळी, हिशेबही निराळे.

दाभोळच्या खाडीला लोटे-परशुरामच्या रासायनिक कारखान्यांचे सांडपाणी वर्षानुवर्षे सोसावे लागले आहे. तळ ढवळला तर त्यात साचलेले काय वर येईल, उपसलेला गाळ कुठे टाकणार, हे खाडीकाठचे भोई विचारतात. त्यावर ‘विकासाला विरोध’ असा शिक्का मारणे सोपे आहे. वास्तविक कोणत्याही जबाबदार बंदर अभियंत्याचा पहिला प्रश्न हाच असायला हवा.

नुसत्या खोलीने बंदर चालत नाही, याचा पुरावा याच खाडीच्या मुखाशी उभा आहे. दाभोळचे एलएनजी टर्मिनल 2013 साली सुरू झाले. क्षमता वर्षाला 50 लाख टनांची, पण लाटा अडवणारी भिंत अपुरी असल्याने पावसाळ्यात जहाज लागेना. परिणामी अनेक वर्षे ते क्षमतेपेक्षा कितीतरी कमी चालले.

जयगडला ही अडचण नाही. 2009 पासून चालणाऱ्या तिथल्या खासगी बंदरात प्रचंड आकाराची केपसाइज जहाजे लागतात. सांगलीहून न्हावा-शेवा साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास, जयगड दोनशेच्या. मग अडते कुठे? घाटात. जयगड-डिंगणी हा कोकण रेल्वेला जोडणारा छोटा फाटा मार्गी लागला नाही. सुमारे 103 किलोमीटरच्या कऱ्हाड-चिपळूण मार्गाचा करार 2016 मध्ये गाजावाजा करून झाला. कोल्हापूर-वैभववाडीला त्याच वर्षीच्या रेल्वे अर्थसंकल्पात जागा मिळाली. तिन्हींपैकी एकाही मार्गावरून अजून गाडी धावलेली नाही. साखर, खत, कोळसा यांसारखा वजनदार माल ट्रकने घाट चढवायचा-उतरवायचा, तर जवळच्या बंदराचा फायदा डिझेलमध्येच विरतो.

अतिउत्साहालाही इथेच आवर घातलेला बरा. तासगावची द्राक्षे जयगडहून युरोपला धाडू, ही घोषणा टाळ्यांची आहे. परदेशी जाणाऱ्या नियमित कंटेनर जहाजांचा राबता न्हावा-शेव्याला आहे आणि नाशवंत माल जहाजाची वाट पाहत बसू शकत नाही. द्राक्ष, बेदाणा, हळद यांना जिल्ह्यातच सीमाशुल्काची तपासणी, शीतगृह आणि रेल्वेची जोड हवी. त्यासाठी ड्रायपोर्टची कल्पना रास्तच होती, मात्र कवठेमहांकाळ तालुक्यातल्या रांजणीची घोषणा झाली, मग मिरज तालुक्यातल्या सलगरेचे नाव पुढे आले, आणि शेतकऱ्याच्या वाट्याला नकाशेच आले.

तेव्हा घाटावरच्या लोकप्रतिनिधींनी कोकणातल्या गाळावर बोलावेच, फक्त मागणीचा क्रम बदलून. आधी कऱ्हाड-चिपळूण मार्गाचा निधी आणि जयगडचा फाटा. खाडीत ड्रेजर उतरवण्यापूर्वी महाराष्ट्र सागरी मंडळाने तळाच्या गाळाची तपासणी करून अहवाल खाडीकाठच्या ग्रामपंचायतींसमोर ठेवावा. आणि निविदेत पहिल्या उपशाबरोबर पुढच्या दहा वर्षांच्या देखभालीचा खर्चही लिहावा. तो आकडा पाहून ज्यांचा उत्साह मावळेल, त्यांना बंदर नकोच होते, भूमिपूजन हवे होते.