आजी विसरते, पण सगळंच नाही

काशीला गेलात तर राजा घाटावर जरूर जा. अमृतराव पेशव्यांनी बांधलेला हा दगडी घाट पूर्वी त्यांच्याच नावाने ओळखला जायचा. गेल्या हिवाळ्यात आम्ही आजीला घेऊन तिथे गेलो होतो. पायऱ्या उतरता उतरता तिने चार वेळा विचारलं, "आपण कुठं आलोय गं?" चौथ्यांदा मी वैतागले, "आजी, आत्ताच सांगितलं ना!" तिचा चेहरा पडला.

थोड्या वेळाने समोर सूर्य वर आला. कुणीही न सांगता आजीने वाकून ओंजळीत पाणी घेतलं आणि अर्घ्य दिलं. हात कुठेच अडखळले नाहीत.

कुठे आलोय हे आठवत नाही आणि अर्घ्य बरोबर, हे कसं? कारण स्मृती म्हणजे एकच कपाट नव्हे, तिचे वेगवेगळे कप्पे असतात.

घटना-स्मृती: सकाळी काय खाल्लं, कोण भेटलं, हे इथे राहतं. नवीन घटना साठवायला मेंदूतला हिप्पोकॅम्पस लागतो. अल्झायमरमध्ये बहुधा तोच लवकर बाधित होतो.

अर्थ-स्मृती: गंगा ही नदी आहे, लिंबू आंबट असतं, असं सर्वसाधारण ज्ञान.

प्रक्रियात्मक स्मृती: वाती वळणं, पोळी लाटणं, अर्घ्य देणं. हाताला बसलेली ही कामं मेंदूच्या इतर भागांवर अवलंबून असतात, म्हणून बरेचदा जास्त काळ टिकतात.

आणि भावना? मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८८४ मध्ये मांडलं होतं, की आधी शरीर बदलतं आणि त्या बदलाची जाणीव म्हणजे भावना. त्यावर पुढे वाद झाले, पण शरीर आणि भावना जोडलेले असतात हे तुम्हीही अनुभवलं असेल. आजीला काय वाटतंय हे सांगता आलं नाही, तरी आवळलेली मूठ आणि भरभर चालणारा श्वास ते सांगतात.

२०१४ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातल्या संशोधकांनी अल्झायमरच्या रुग्णांना दुःखी आणि आनंदी चित्रफिती दाखवल्या. थोड्याच वेळात रुग्ण त्यातलं बरंचसं विसरले, पण मनातली भावना मात्र रेंगाळली. म्हणजे माझं ओरडणं आजी विसरली असेल, पण दुखावलेपण कदाचित उरलंच असेल.

म्हणून घरी एवढं करा. "आठवत नाही का?" असं विचारू नका, सरळ उत्तर द्या. हाताला सवयीचं काम द्या. आणि विसरणं वाढत असेल तर "वय झालं" म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांना दाखवा. बी-१२ ची कमतरता किंवा थायरॉईडमुळेही विसरायला होतं, आणि त्यावर उपचार आहेत.

घाटावरून निघताना आजीने पाचव्यांदा विचारलं. मी तिचा हात धरला, "काशीला आलोय आजी, गंगेवर."

"हो का? बरं झालं," ती हसली.