दर्शनी भिंत म्हणजे थिएटर नव्हे

मा. संपादक,


आपल्या रविवारच्या अंकातला मुंबईच्या जुन्या चित्रपटगृहांवरचा लेख दोनदा वाचला. फोटो सुरेख आहेत. पण ‘इरॉस अखेर वाचले’ हे त्यातले वाक्य मला पटले नाही, आणि का पटले नाही ते लिहिल्यावाचून राहवत नाही. मी गिरणगावातल्या एका थिएटरात तीस वर्षे ऑपरेटर होतो. थिएटर म्हणजे काय, हे मी केबिनच्या वीतभर खिडकीतून पाहिले आहे.

१९३८ साली सुरू झालेल्या इरॉसमध्ये हजाराहून जास्त माणसे एका पडद्यासमोर बसत. आज बाहेरचा दगड धुऊन लख्ख केला आहे, २०२४ पासून आत आयमॅक्सचा पडदा आहे, पण खुर्च्या तीनशेच्या घरात आणि उरलेल्या जागेत दुकान. पडदा उत्तम आहे, मी जाऊन पाहिला. इमारत पडली नाही याचा आनंदही आहे. पण वाचले ते बाहेरचे अंग. १९३८ मध्येच एमजीएम या अमेरिकन कंपनीने धोबीतलावला उघडलेल्या मेट्रोचेही हेच झाले. २००६ मध्ये त्या एका प्रेक्षागृहाचे सहा पडदे झाले. रस्त्यावरून पाहणाऱ्याला काही बदलले असे वाटत नाही. आपल्याकडे वारसा ठरतो तो रस्त्यावरून पाहूनच. दुखणे तिथे आहे.

या शहरात सिनेमा आला ७ जुलै १८९६ रोजी, वॉटसन हॉटेलात, एक रुपया तिकिटाने. तेव्हाचा रुपया! आठवडाभरात तेच खेळ नॉव्हेल्टी नाट्यगृहात गेले आणि थोड्याच दिवसांत तिकिटे चार आण्यांपासून दोन रुपयांपर्यंत लागली. पडदानशीन बायकांसाठी वेगळे बॉक्स ठेवले गेले. सिनेमा सामान्य माणसाचा झाला तो तिथे, कारण चार आणेवाल्याला बसवायला जागा होती. जागा मोठी, म्हणून तिकीट स्वस्त. एवढे साधे गणित आहे. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ पासून गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये लागला. ‘संत तुकाराम’ १९३६ साली सेंट्रलला लागला आणि ५७ आठवडे हलला नाही. ‘शोले’ मिनर्व्हाला पाच वर्षे चालला. स्टॉलपासून बाल्कनीपर्यंत सगळ्या दरांची माणसे एका वेळी बसत, तेव्हाच असे आठवडे भरत. त्यातले मिनर्व्हा आज जमीनदोस्त आहे.

आता थोडे केबिनमधले सांगतो, कारण हे लिहिणारे कमी उरलेत. दोन प्रोजेक्टर शेजारी शेजारी. वीस मिनिटांचे रीळ संपत आले की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर एक ठिपका चमके. दुसऱ्या मशीनची मोटर सुरू करायची. सात-आठ सेकंदांनी दुसरा ठिपका, की चेंजओव्हर. प्रेक्षकांना कळताही कामा नये. मध्ये कार्बनच्या कांड्या जळून आखूड होत, त्यांच्यातले अंतर सांभाळले नाही की पडद्यावरचा चेहरा पिवळा पडे आणि स्टॉलमधून शिट्टी येई. माझी खरी परीक्षा घेणारे ते स्टॉलवालेच होते. हजार माणसे हसली की तो आवाज काचेतून केबिनमध्ये येई आणि पुढचा संवाद बुडून जाई. लोकांना तो ऐकण्यासाठी पुन्हा यावे लागे, आणि ते येत. रडण्याच्या प्रसंगाला हजार माणसांची जी शांतता पडते, ती दीडशे खुर्च्यांच्या खोलीत पडत नाही. मी दोन्हीकडे बसून पाहिले आहे.

मालकांवर माझा राग नाही. मंगळवारच्या मॅटिनीला तीस माणसे असताना एवढ्या मोठ्या हॉलचे वीजबिल कसे भरायचे, हा त्यांचा प्रश्न खरा आहे. डिजिटल आल्यावर आमच्या मालकांनी दोन्ही मशिने लोखंडाच्या भावाने विकली. मी समोर उभा होतो. त्यांना दुसरा मार्ग कोणी दाखवलाच नव्हता.

म्हणूनच सगळी थिएटरे वाचवा असे मी म्हणत नाही. थिएटर पाडले तर नव्या इमारतीत लहानसे का होईना थिएटर ठेवावे, असे बंधन आपल्या राज्यात आहे. माझ्या मते ते साध्या थिएटरांपुरते काढून टाकले तरी चालेल. वरच्या मजल्यावरच्या दीडशे खुर्च्यांनी ना मालकाचे भले होते, ना सिनेमाचे. त्याऐवजी ज्यांचा हॉल अजून अखंड आहे अशी मोजकी थिएटरे निवडा आणि ती पक्की धरा. १९३३ मध्ये लॉरेल-हार्डीच्या चित्रपटाने उघडलेले रीगल. १९४९ मध्ये ‘अंदाज’ने उघडलेले आणि पुढे ‘हम आपके हैं कौन’ शंभरहून जास्त आठवडे चालवणारे लिबर्टी. १९५८ चे मराठा मंदिर. त्यांच्या वारसा नोंदीत दर्शनी भागाबरोबर प्रेक्षागृह, बाल्कनी आणि पडद्याची रुंदीही लिहा. भिंत घालून हॉलचे तुकडे करायला मनाई करा. त्याच्या बदल्यात मालकाला पैसा द्यायचा, तर वारसा इमारतींना टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारे बांधकामाचे हक्क, देण्याची तरतूद मुंबईत आहेच. तो देताना हॉल एकसंध ठेवण्याची आणि वर्षाकाठी ठराविक खेळ करण्याची अट घाला. मालमत्ता करातही सूट द्या.

प्रेक्षक कुठून येणार, असे विचारले जाईल. मराठा मंदिरात ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’ १९९५ पासून लागलेला आहे, तिकीट स्वस्त आहे आणि माणसे येतात. हा चित्रपट आज घरी बसून बघता येतो, तरी येतात. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जुने मराठी चित्रपट जपलेले आहेत. ते महिन्यातून एका रविवारी सकाळी या पडद्यांवर लावा, पन्नास रुपयांत, शाळेच्या मुलांना निम्म्या दरात. १९९३ मध्ये बंद पडलेले रॉयल ऑपेरा हाउस आतल्या सज्जांसकट दुरुस्त होऊन २०१६ मध्ये पुन्हा उघडले. ते जमले, तर इथेही जमेल.

यातल्या एखाद्या थिएटरने जुना प्रोजेक्टर पुन्हा चालवायचे ठरवले, तर आम्ही दोघे-तिघे ऑपरेटर अजून लालबाग-परळात आहोत. रीळ लावायला आणि ठिपका ओळखायला पोरांना शिकवू. पैसे नकोत.

– एक निवृत्त ऑपरेटर, लालबाग