दाढेत दोष नसेल, तर छातीचा एक्स-रे काढा

सातारा-सांगलीकरांना एक कळकळीची विनंती.

एका बाजूचा कान, जबडा किंवा कानशील आठवडेच्या आठवडे ठणकतंय. दातांच्या डॉक्टरांना दाढेत काही सापडत नाही, कानाचे डॉक्टरही कान चांगला आहे म्हणतात आणि दुखणारा माणूस वर्षानुवर्षं बिडी-सिगारेट ओढणारा आहे. अशा वेळी आणखी एक दाढ काढून घेऊ नका. आधी छातीचा एक्स-रे काढा.

छातीचा चेहऱ्याशी काय संबंध? मेंदूतून निघणारी व्हेगस नावाची नस मानेतून छातीत उतरते आणि पुढं पोटापर्यंत जाते. तिचीच एक शाखा कानाला मिळते. फुप्फुसातली गाठ छातीत या नसेवर दाबली, की दुखण्याचा संदेश मेंदूच्या देठात पोचतो. चेहऱ्याच्या नसेचे संदेशही तिथंच येतात, त्यामुळे मेंदूची गफलत होते. बिघाड छातीत, पण ठणका कान-जबड्यात, बहुधा गाठीच्याच बाजूला. अशा रुग्णांच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. काहींचे दात विनाकारण काढले गेले आणि गाठ उशिरा सापडली. गाठीवर उपचार झाल्यावर काहींचा ठणकाही थांबला.

हे क्वचितच घडतं. चेहऱ्याच्या बहुतेक दुखण्यांचं मूळ दात, जबड्याचा सांधा किंवा सायनस यांतच असतं. म्हणून आधी दंतवैद्यांकडेच जा. तंबाखू-मिश्रीची सवय असेल, तर तोंडही तपासून घ्या. कारण सापडलं नाही, तर मात्र तिथंच थांबू नका. खोकला, थुंकीत रक्त, बसलेला आवाज किंवा घटणारं वजन यांतलं काही सोबत असेल, तर एक दिवसही दवडू नका. एक्स-रे चांगला आला तरी दुखणं राहिलं, तर सीटी स्कॅनबद्दल विचारा. लहान गाठ एक्स-रेत सुटू शकते.

दुसरी गोष्ट याहून तातडीची. चढ चढताना किंवा उसाची मोळी उचलताना जबडा आवळत असेल आणि बसलं की सैल होत असेल, तर ते हृदयाचं दुखणं असू शकतं. गालात लवंग किंवा तंबाखूची चिमूट धरून काम रेटू नका, लगेच तपासून घ्या. घाम, धाप, छातीत दडपण असेल, तर तत्काळ 108 ला फोन करा. बायकांना आणि मधुमेह असलेल्यांना छातीत न दुखताही हृदयविकाराचा झटका येऊ शकतो.

दंतवैद्य मंडळींनाही विनंती: दाढ निरोगी दिसली, तर रुग्णाला बिडी-सिगारेट आणि खोकल्याबद्दल जरूर विचारा.

साताऱ्याचं क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय, सांगलीचं वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय, मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, कराडचं कृष्णा रुग्णालय, जे जवळ असेल तिथं जा. तंबाखूचं व्यसन सोडायला 1800-11-2356 या क्रमांकावर मोफत मदत मिळते. घरात कुणी असं दुखणं अंगावर काढत असेल, तर त्याला आजच दवाखान्यात घेऊन जा.